हौसाक्काची माती

हौसाक्काच्या अंगणात बायकांनी एकदम गळा काढला तेव्हा मी आत चहा गाळत होते. गाळणी हातात तशीच धरून बाहेर आले. तुळशीपाशी पाच-सहा जणी डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या, फाटकाशी चार पुरुष टोप्या काढून उभे होते आणि सरपंचांच्या आईनं तर झेंडूचा हारसुद्धा आणला होता.

“अगं आक्का, आमास्नी टाकून कशी गं गेलीस!” तानूबाई ऊर बडवत म्हणत होती. “काल सांजच्याला माज्या हातचं पिठलं खाल्लंस की गं माजे बाय!”

मला काहीच उमगेना. हौसाक्काला मी नुकतंच धडधाकट बघितलं होतं. चहात आलं कमी घालते म्हणून तिनं माझ्या माहेरचा उद्धारही केला होता. मी तोंड उघडणार, इतक्यात घरामागच्या गोठ्यातून शेणाची बुट्टी कमरेवर घेऊन ती स्वतःच आली. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. तिनं एकेकाकडे बघितलं, बुट्टी खाली ठेवली आणि हलक्या आवाजात, काळजीनं विचारलं,

“कोन गेलं गं?”

तानूबाई ऊर बडवायची थांबली. सरपंचांच्या आईनं हार पाठीमागे लपवला.

“तू,” तानूबाई म्हणाली.

“मी?” हौसाक्का म्हणाली. “मला कुनी सांगितलं न्हाई ते.”

मग जो गलका झाला त्यातून कळलं ते असं : डेअरीच्या टेम्पोवर दूध गोळा करणारा राऊ पहाटे गावभर सांगत फिरला होता, हौसाक्काच्या घरी मातीला चला. कुणी सांगितलं? रोपवाल्या बाईंनी.

रोपवाली बाई म्हणजे मी. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. गाळणीतून चहाचे थेंब माझ्या पायावर पडत होते.

खरं सांगायचं तर निरोप मीच दिला होता आणि तो देताना स्वतःवर फार खूश होते. मी डोंबिवलीत वाढलेली. कोल्हापूरच्या त्या डोंगरी गावात आले, हौसाक्काकडे राहू लागले तेव्हा मला तिथली भाषा जिभेवर चढवायची हौस फार. तिकडच्या बायका ‘मी आले’ म्हणत नाहीत, ‘मी आलो’ म्हणतात. मीही म्हणू लागले. त्या पाण्याला जातात, गवताला जातात, शेणाला जातात. आमच्या कामासाठी हौसाक्काच्या घरामागच्या परड्यातल्या जुन्या झाडाखालची माती काढायची होती आणि हाताखाली बायका हव्या होत्या. म्हणून पहाटे राऊचा टेम्पो थांबवून मी अस्सल गावरान झोकात सांगितलं, “बायकांना म्हणावं, हौसाक्काच्या घरी मातीला या.”

“कवा?” राऊनं विचारलं.

“आत्ताच. उशीर करू नका.”

त्यानं टोपी काढून छातीशी धरली. मला वाटलं, बिचाऱ्याला उकडतंय.

आमच्या डोंबिवलीत माणूस जातो, वारतो, फार तर ऑफ होतो. पण घाटावर एखाद्याच्या मातीला जाणं म्हणजे त्याला पोचवायला जाणं, हे मला त्या सकाळी तानूबाईनं सांगितलं. ते तिनं कपाळावर हात मारत आणि तोंडात पदर कोंबून हसत सांगितलं. तोवर सगळं अंगण हसायला लागलं होतं. पुरुषांनी टोप्या घातल्या. हौसाक्कानं सरपंचांच्या आईकडून हार मागून घेतला, नीट निरखला, “ताजा हाय,” म्हणाली, आणि नेऊन अंगणाच्या कडेला बांधलेल्या म्हशीच्या गळ्यात घातला.

माती मला कशाला हवी होती, ते सांगायला हवं.

तळकी गावाच्या डोक्यावर पाखरसडा आहे. सडा म्हणजे डोंगरावरचं सपाट पठार. एके काळी तिथं अंजनी, जांभूळ, हिरडा असं दाट रान होतं. मग बॉक्साईटची खाण आली, रान गेलं, यथावकाश खाणही संपली आणि उरलं ते खरवडलेलं लाल टाळकं. आमच्या संस्थेनं तिथं पुन्हा रान उभं करायचं ठरवलं आणि मला धाडलं, कारण माझं शिक्षण मातीतल्या सूक्ष्म जिवांचं. रानातलं झाड एकट्याच्या बळावर जगत नाही. त्याच्या मुळांना एक बुरशी बिलगलेली असते, केसाहून बारीक धाग्यांची. ती लांबलांबून ओल आणि खत आणून झाडाला देते, झाड तिला साखर देतं. खाणीनं वरची माती काढून नेली, तिच्याबरोबर ही बुरशीही गेली. मागे राहिलेल्या मुरमात रोप लावायचं म्हणजे त्याला सोयऱ्याधायऱ्यांशिवाय संसार थाटून देण्यासारखंच.

पहिल्या वर्षी माझी रोपं चैत्रात वाळली. दुसऱ्या वर्षी मी प्रयोगशाळेतून बुरशीची पाकिटं मागवली, मुळांना चोळली. रोपं वैशाखात वाळली. दोन वर्षांत माझी प्रगती एवढीच. पाकिटातली बुरशी कुठल्या तरी मळ्यातल्या मातीत वाढलेली, या पावसाशी आणि या दगडाशी तिची ओळख नव्हती. इथल्याच जुन्या रानातली बुरशी मिळाली तरच काही होणार होतं.

“दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागतं का?” मी हौसाक्काला समजावलं होतं. “मला इथल्या रानाचं विरजण हवंय. बुट्टीभर माती पुरे.”

“मंग मागून आन की शेजारनीकडनं,” ती सहज बोलून गेली आणि मग एकदम गप्प झाली.

कारण त्या डोंगरावर जुनं रान आता एकच उरलं होतं, देवीच्या नावानं राखलेली वाघजाईची राई. तिचा राखणदार म्हणजे वरच्या वाडीतला शिदबा, हौसाक्काचा धाकटा सख्खा भाऊ. आणि हौसाक्का शिदबाचं तोंड बघत नव्हती.

खाणीचा करार झाला तेव्हा सड्यावरचं त्यांच्या वडलांचं रान शिदबाच्या नावावर होतं. वाडीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या, त्यानंही केली. मशीन वर चढलं त्या दिवशी हौसाक्का तिथं जाऊन उभी राहिली. लहानपणी दोघांनी त्या रानात गुरं राखली होती, एकाच जांभळीवर चढून तोंडं जांभळी करून घेतली होती. ती जांभळी आडवी झाली तेव्हा ती सगळ्यांसमक्ष भावाला म्हणाली, “हितं पुन्ना झाडाची सावली पडंल, त्या सावलीतच तुजं त्वांड बघीन. तवर बघनार न्हाई.”

बोलली ती बोलली. बारा-चौदा वर्षं झाली होती. लग्नाकार्यात शिदबा मांडवात आला की ही पाठ फिरवून बसायची. माया मात्र तसूभर आटली नव्हती. वरून फणस यायचा, नाचणी यायची, मधाची बाटली यायची. आणणारा कुणीही असो, हौसाक्का विचारायची नाही आणि तो सांगायचा नाही. रिकामी बुट्टी परत पाठवू नये म्हणून ही त्यात लिंबं घालायची, चटणी घालायची, एकदा तर स्वतः शिवलेली वाकळ घालून पाठवली. नवरा जाऊन कैक वर्षं झालेली, पोटी मूलबाळ नाही. तिला जगात रक्ताचं माणूस हे एवढंच, अर्ध्या तासाच्या चढावर.

रोज संध्याकाळी ती माझ्या रोपवाटिकेत यायची, कमरेवर हात ठेवून विचारायची, “जगत्याल का गं?” आधी मला वाटायचं, म्हातारीला झाडांचं वेड आहे. मग लक्षात आलं, तिचा मामला सरळ होता. रोप जगलं तर सावली, सावली पडली तर भाऊ. ती सत्तरी ओलांडलेली, शिदबाला चढावर दम लागायला लागलेला. माझी रोपं वाळली की संस्थेचा एक प्रयोग फसायचा. तिचं एक वर्ष जायचं, आणि वर्षं तिच्यापाशी फार नव्हती.

मी शिदबाकडे जाऊन आले होते. उंच, वाकलेला, फार हळू बोलणारा माणूस. त्यानं मला गूळ-पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

“बाई, राईतलं पानबी भाईर जात न्हाई. भाईर पडताना आमी तळवं झाडून पडतो. माज्या बापानं दिलं न्हाई, आज्यानं दिलं न्हाई. मी कसा देऊ?”

मी उठले तेव्हा तो दारापर्यंत आला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, “आक्का जेवती न्हवं वेळंवर?”

म्हणून तर हौसाक्काच्या परड्यातल्या त्या एकुलत्या एक म्हाताऱ्या हिरड्याखालची माती काढायचं ठरवलं होतं. तिच्यात जीव फारसा नसणार हे मला कळत होतं. पण दुसरं काही हातात नव्हतं. त्यासाठीच तो निरोप.

तर अंगणात हसणं चाललं होतं, मी चहाचं दुसरं आधण ठेवलं होतं, आणि तानूबाई मधेच थांबली.

“आक्का, राऊ वरच्या वाडीलाबी जातोय की दुधाला.”

हौसाक्काचा हात म्हशीच्या पाठीवर होता तो तिथंच राहिला. फाटकाशी उभ्या असलेल्या पुरुषांनी वर बघितलं. डोंगराच्या पायवाटेनं कुणी तरी उतरत होतं. डोक्यावर बुट्टी, अंगात सदरा नाही, एका हातानं बुट्टी सावरत ते माणूस घसरत, धडपडत, जवळजवळ पळत खाली येत होतं.

“शिदबा,” कुणी तरी म्हणालं.

मी सांगायला धावले. हौसाक्कानं माझं मनगट पकडलं. शेणाचे हात, पण पकड अशी की बांगडी पिचली.

“हितंच थांब. कुनी काय सांगायचं न्हाई त्याला.”

“अहो आक्का, त्यांना काही होईल! वयाचं माणूस...”

“मेलो म्हनून काय म्हनतोय बघू तरी,” ती म्हणाली. तिचे डोळे खट्याळ झाले होते. तिनं मला आत ओढलं, दार लोटून घेतलं आणि दाराला पाठ लावून खाली बसली. अंगणातल्या बायका पुन्हा तुळशीपाशी बसल्या आणि पदर पुढे ओढून घेतले. हसू लपवायला त्यापेक्षा चांगली सोय नाही.

शिदबा आला. फटीतून मला दिसत होता. त्यानं बुट्टी उंबऱ्यापाशी ठेवली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून थोडा वेळ नुसता धापा टाकत राहिला. मग तिथंच बसला. आत यायचं त्याच्या मनात आलंच नाही. बहिणीनं तोंड बघायचं नाही म्हटलं होतं, ते मेल्यावरही मोडायचं नाही, असं काहीसं असावं.

“आक्का,” तो दाराला म्हणाला, “तू थांबतो म्हनली हुतीस की गं.”

हौसाक्काच्या तोंडावर अजून हसू होतं.

“सावली पडंस्तवर थांबतो म्हनली हुतीस. मीबी थांबलोच हुतो. रोज पहाटं कळशी घिऊन सड्यावर जात हुतो. त्या बाईंच्या रोपास्नी पानी घालत हुतो. कुनाला सांगितलं न्हाई. तरी मेली गं ती रोपं. दोन्ही साल मेली. माज्या हाताला गुनच न्हाई.”

माझ्या काही रोपांची आळी सकाळी ओली दिसायची. मी ते दव समजत होते.

“येक सही केली गं,” शिदबा म्हणाला. “समद्यांनी केली म्हनून केली. आता फनस कुनाला धाडू? मला अरं-तुरं करून बोलवनारं कोन ऱ्हायलं?”

बाहेर कुणी हसत नव्हतं. मी खाली बघितलं. हौसाक्कानं पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, हसू आवरत नाही. तिनं मान वर केली तेव्हा दिसलं की तिचे गाल ओले होते. बाहेर तो म्हातारा नाक ओढत होता, आत ही. शेवटी तिनं बोळा काढला, घसा साफ केला आणि दाराआडून खणखणीत आवाज दिला.

“शिदू! शेंबूड पूस आदी!”

शिदबा ताडकन उठला आणि पुन्हा बसला. “आक्का?”

“भूत न्हवं. मीच हाय. ह्या शेरातल्या बाईला बोलाय येत न्हाई म्हनून मेलो हुतो जरा वेळ. पाठ फिरव, मी भाईर येतो.”

तो माणूस शाळेतल्या पोरासारखा वळून बसला. हौसाक्का दार उघडून बाहेर आली, त्याच्या मागे गेली आणि त्याच्याकडे पाठ करून खाली टेकली. दोघं अंगणात पाठीला पाठ लावून बसली. तो रडत होता आणि हसत होता. ती समोरच्या म्हशीकडे बघत होती.

“बुट्टीत काय आनलंयास?” हौसाक्कानं विचारलं.

“तुजी माती.”

मग मी बुट्टीकडे बघितलं. माती काळीभोर होती, भुसभुशीत. अर्धी कुजलेली पानं, मुळांचे तुकडे, आणि पानांच्या पोटाशी पांढऱ्या धाग्यांचं जाळं. एक गांडूळ काठावर चढत होतं. इतके दिवस मी जिच्यासाठी झुरत होते ती वाघजाईच्या राईची माती माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

“राईतलं काही बाहेर जात नाही म्हणालात,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“लेकीसाटनं जातं,” शिदबा म्हणाला. “राखनदाराच्या घरातली लेक कुटंबी नांदाय जाऊ दे, तिच्या सरनाखाली राईची बुट्टीभर माती पसरायची. येका लेकीला येकदाच. म्हनून आनली.” मग त्याच्या लक्षात आलं तसा त्याचा चेहरा उतरला. “आता काय करायचं हिचं?”

“माघारी ने,” कुणी तरी म्हणालं.

“न्हाई न्हेता येत. निघाली ती निघाली.”

“मग ऱ्हाऊ दे आक्काच्या खाटंखाली,” तानूबाई म्हणाली. “कवातरी लागंलच की.”

बाकीच्या बायकांनी तिला गप्प केलं. हौसाक्का मात्र विचारात पडली होती.

“शिदू, माती कुनाची म्हनलास?”

“तुजी.”

“माजीच न्हवं? राईची न्हाई, तुजी न्हाई?”

“आता तुजीच.”

“मंग मी कुनालाबी दीन.” तिनं माझ्याकडे बघितलं. “घे गं पोरी. तुजं इरजन.”

शिदबा वळणार होता, तिनं पाठीनंच त्याला रेटून धरलं. “आक्का, तसं करू नगंस. पुन्ना निघत न्हाई ती. तुजी येळ यील तवा मी कुटनं आनू? मोकळ्या भुईवर ठेवू व्हय तुला?”

“सड्यावर न्हे मला. तवर ही माती तिथं गेली असंल.”

“आनि झाडं पुन्ना मेली तर?”

“तर मी मोकळ्या भुईवर,” हौसाक्का म्हणाली. “काय हुतंय त्येला?”

तिला काय होत होतं ते मला दिसत होतं. त्या घरातल्या लेकीला माहेराकडून शेवटी मिळायचं ते एवढंच, आणि ती ते माझ्या भरवशावर टाकून मोकळी झाली होती. दोनदा रोपं मारलेल्या बाईच्या भरवशावर. मला रडू फुटलं.

“आक्का, मला नको,” मी म्हणाले.

“नगं कशी? तूच मारलंस मला, आता तूच निस्तर.”

मी माती घेतली. शिदबा निघाला तेव्हा तिनं त्याच्या रिकाम्या बुट्टीत लिंबं घातली, तानूबाईकडून पिठलं आणायला लावलं, आणि पाठीमागे हात करून बुट्टी त्याच्या हातात दिली.

त्या मातीची मी जेवढी काळजी घेतली तेवढी आजवर कुणाची घेतली नाही. ती कुंड्यांत घालून तिच्यात जोंधळा पेरला. जोंधळ्याच्या मुळांवर ही बुरशी भराभर वाढते. मग ती मुळं चिरून, मातीसकट पुन्हा नव्या कुंड्यांत. असं करत एका बुट्टीची कितीतरी पोती झाली. एकदा हौसाक्काला सूक्ष्मदर्शकातून मुळावरचे धागे दाखवले. तिनं एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. “ह्यांच्या जिवावर एवढा डोंगर?” ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून कुंड्यांना पाणी घालताना त्यांना दटावायची.

पुढच्या पावसाळ्यात रोपं सड्यावर गेली. प्रत्येकाच्या मुळाशी दोन मुठी ती माती. काही रोपं मी मुद्दाम मातीशिवाय लावली, फरक कळावा म्हणून. बायकांनी त्यांना नावंच पाडली. ही हौसाक्काच्या मातीची, ती बिनमातीची. “हौसाक्काच्या मातीला या गं,” अशी हाळी घालत त्या कामाला चढायच्या आणि हसून बेजार व्हायच्या. नव्या माणसाला भीती वाटावी असा तो विनोद तळकीत बरीच वर्षं चालला.

हिवाळा गेला, चैत्र गेला. चैत्रात बिनमातीची रोपं काड्या होऊन गेली. बाकीची उभी होती. मी वैशाखाची वाट बघत होते, कारण माझं वैशाखाशी जुनं वैर. रात्री झोप लागायची नाही. हौसाक्का आता विचारायचीही नाही, “जगत्याल का गं?” म्हणून. नुसती माझ्या तोंडाकडे बघायची आणि भाकरी वाढायची.

वैशाख सरत आला तेव्हा एका सकाळी मी सड्यावरून धावत खाली आले.

“आक्का, जगली! कोंब फुटलेत नवे! लाल कोवळी पानं!”

ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, “सावली पडती?”

मी तिच्याजवळ बसले. हे कधी तरी सांगावं लागणारच होतं. “आक्का, रोपं गुडघ्याएवढी आहेत. माणसाला बसण्यासारखी सावली पडायला अजून आठ-दहा वर्षं लागतील. पण आता पडणार, नक्की.”

तिनं सूप भिंतीला लावलं, डोक्यावरून पदर घेतला आणि खुंटीवरची काठी काढली.

“गुडघ्याएवढ्या झाडाला सावली नसती व्हय?” ती म्हणाली. “चल.”

चढताना ती पाच-सहा वेळा थांबली. मी हात पुढे केला की झिडकारायची. वर पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. शिदबा तिथंच होता, कळशी घेऊन, ओळीच्या टोकाला. बहीण दिसताच त्यानं सवयीनं पाठ फिरवली.

हौसाक्का ओळींमधून हिंडली. एकेक रोप वाकून बघत होती, मान हलवत पुढे जात होती, बाजारात वांगी निवडावीत तशी. शेवटी एका जांभळाच्या रोपापाशी थांबली. इतरांपेक्षा चार बोटं उंच, पानं दाट. त्याच्या बुडाशी भाकरीएवढी सावली पडली होती.

“शिदू, हिकडं यी. मागं मागं यी.”

तो उलट्या पावलांनी आला. दोनदा ठेचकाळला.

“खाली बस. आता आडवा हो. डोस्कं हितं ठेव. डोळं मिट.”

शिदबानं मुंडासं काढून बाजूला ठेवलं आणि तापलेल्या मुरमावर उताणा झाला. डोकं इकडे सरकव, तिकडे सरकव करत तिनं ते सावलीत आणलं. सावली त्याच्या कपाळापासून नाकापर्यंत पुरली. हनुवटी उन्हात राहिली, एक कानही उन्हात राहिला.

हौसाक्कानं काठी टाकली, माझ्या खांद्याचा आधार घेत त्याच्याशेजारी बसली आणि वाकून त्याच्या तोंडाकडे बघू लागली. त्याच्या गालांवर पांढरे खुंट होते, मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. मी तिथून जायला हवं होतं, पण तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

“किती म्हातारा झालास रं, शिदू,” ती म्हणाली. मग दुसरा हात पुढे करून तिनं त्याच्या हनुवटीवरचं ऊन अडवून धरलं.

हात कापायला लागला तरी तो तिनं तसाच धरून ठेवला. शिदबानं डोळे न उघडताच म्हटलं, “आक्का, हात दुखंल. उठू का?”

“गप पड,” हौसाक्का म्हणाली. “अजून बघून झालं न्हाई.”